करटुल्यांखालची टोपली : गोदाघाटाच्या बुधवार बाजारातून निघालेलं एक प्रकरण

इंदिरानगरमध्ये फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंकडे श्रावणात एक मोठी मागणी आली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला दिवाळीत कर्मचाऱ्यांसाठी फराळाच्या १२० भेटी हव्या होत्या. अट एकच होती, वेष्टनात प्लॅस्टिक नको. एरवी ताई चकली-चिवडा प्लॅस्टिकच्या डब्यात भरून छापील खोक्यात देतात. त्याला भेटीमागे नव्वदेक रुपये पडतात. या वेळी कंपनी वेष्टनासाठी अडीचशे रुपयांपर्यंत द्यायला तयार होती. ताईंनी ठरवलं, बांबूच्या टोपल्या घ्यायच्या आणि त्या आपल्याच जिल्ह्यात विणलेल्या असायला हव्यात.

मी आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाचे हिशेब पाहते. या व्यवहारात बोलणी, जाणं-येणं आणि वह्या लिहिणं माझ्याकडे होतं, म्हणून सगळं जवळून पाहता आलं. माणसांची आणि पाड्याची नावं त्यांच्या इच्छेनुसार देत नाही. बाकी तपशील घडले तसे आहेत.

ताईंनी आधी प्रदर्शनं पाहिली. गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर सणाच्या आधी स्टॉल लागतात, तिथे टोपल्या सुरेख होत्या. पण बहुतेक वेताच्या, ईशान्येकडून आलेल्या. त्यात वाईट काही नाही. तो माल उत्तम असतो आणि त्यामागेही कारागीरच असतात. मात्र विकणाऱ्याला ‘ही कुणी विणली?’ विचारलं की उत्तर राज्याच्या नावावर थांबायचं. ताईंना माणूस हवा होता. मी म्हटलं, बुधवारी गंगेवर जाऊ.

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि बुधवारच्या आठवडे बाजाराला ‘गंगेवरचा बाजार’. म्हसोबा पटांगण, गाडगे महाराज पूल या भागात सकाळपासून पाल लागतात. भाजी, मसाले, सुकट, घोंगड्या, विळे-कोयते, पाटे-वरवंटे, दोरखंड, मडकी. पेठ रस्त्याने पंचवटीत उतरणाऱ्या माणसाला हा बाजार सोयीचा पडतो, म्हणून पेठ-हरसूलकडचा रानमाल इथे सहज दिसतो. नागली, वरई, खुरासणी, आणि पावसाळ्यात रानभाज्या.

टोपल्यांची तीन दुकानं शेजारी शेजारी होती. सुपं, दुरड्या, परड्या, रोवळ्या, लग्नाच्या रुखवतासाठी रंगवलेल्या छोट्या टोपल्या. मालाचं वैविध्य पाहून ताई खूश झाल्या. पण एकाच दुकानात काही टोपल्यांचं बूड चौकोनी वीण घालून केलेलं, काहींचं चक्रासारखं, आणि काठ बांधायच्या तीन तऱ्हा. एका घरातला हात इतका बदलत नाही. म्हणजे हा माल चार ठिकाणांहून गोळा केलेला होता.

अशा वेळी मी एक साधा प्रश्न विचारते : “हीच टोपली दोन बोटं खोल आणि तोंडाला जरा अरुंद करून मिळेल का?” व्यापारी सहसा म्हणतो, “आणून देतो, किती हव्यात?” विणणारा माणूस आधी टोपली हातात घेतो, वीत लावतो आणि विचारतो, “कशाला पाहिजे? कधी पाहिजे?” त्या दिवशी तिन्ही दुकानांत पहिलंच उत्तर मिळालं. त्यातल्या एका काकांनी तर मोकळेपणाने सांगितलं की ते स्वतः विणत नाहीत. पाड्यांवरून माल उचलतात, रोख पैसे देतात, पावसाळ्यात घरात साठवतात, न खपलेला माल त्यांच्याच गळ्यात पडतो. दलाल म्हटलं की आपण लगेच शोषणाकडे बोट दाखवतो, पण या काकांच्या रोख पैशांवर कितीतरी घरांचं मीठ-मिरची चालते. त्यांनी सांगितलेला भाव होता १३०, घासाघीस केली की ११०. पाड्यावर ते सुमारे ७० देतात, असंही त्यांनी लपवलं नाही.

आम्ही परत निघालो आणि भाजीच्या रांगेत करटुली घ्यायला थांबलो. एक मावशी खाली पोतं अंथरून बसल्या होत्या. पुढ्यात करटुली, तेऱ्याची पानं, थोडा वास्ता, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. करटुली ज्या टोपलीत होती तिचं बूड जाड, काठ दुहेरी आणि पाती इतकी एकसारखी तासलेली की बोट फिरवलं तरी कुठे कुसळ लागत नव्हतं. ताईंनी विचारलं, “मावशी, टोपली कुठून घेतली?” मावशींना प्रश्नाचंच नवल वाटलं. “घेतली नाही. सासऱ्यांनी केली. घरचीच आहे.” विकायची आहे का म्हटल्यावर त्या हसल्या. मग भाजी कशात नेऊ?

मला हा क्षण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एवढी चांगली विणकरी बाजारात होती, पण विकायला नव्हती. ती भाजीखाली होती. मावशींनी कारणही सांगितलं. पाच टोपल्या आणल्या तर एसटीत जागा अडते, कंडक्टर लगेजचं बोलतो, आणि दिवसभरात दोन खपल्या तर खपल्या. भाजी मात्र दुपारपर्यंत संपते. म्हणून टोपल्या घरी येणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायच्या आणि बाजारात भाजी आणायची. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. शहरातल्या बाजारात कारागीर शोधणाऱ्याने म्हणून टोपल्यांच्या दुकानापुरतं थांबू नये. माल ज्यात आणला आहे ती पाटी, ज्यावर बसले आहेत ती चटई, वजनाच्या काट्याला बांधलेली दोरी, हेही पाहावं.

त्यांचा पाडा पेठ तालुक्यात, करंजाळीच्या पुढे आत. सावळ घाट ओलांडला की पाऊस वेगळाच असतो. सासरे, सगळे त्यांना बाबा म्हणतात, ओसरीवर बसले होते. समोर फोडलेला बांबू. बांबू स्वतःच्या बांधावरच्या बेटातला. आपल्या बांधावरचा बांबू कापायला पूर्वी कागदपत्रांची कटकट असे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि वनाबाहेरच्या बांबूपुरती ती अडचण बरीच दूर झाली. जंगलातला बांबू २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, येतो.

बाबांचं काम पाहताना एक गोष्ट लगेच कळली. नुसत्या विणण्याला नाही, आधीच्या तयारीलाही बराच वेळ लागतो. कांड्याचे उभे तुकडे करायचे, गाठी तासायच्या, मग पाठीकडची चकचकीत पाती वेगळी आणि पोटाकडची मऊ पाती वेगळी काढायची. पाठीकडची ताकदीला, काठाला आणि उभ्या कामट्यांना. पोटाकडची भरणीला. स्वस्त टोपलीत पोटाकडचीच पाती सगळीकडे वापरतात. ती नवी असताना तितकीच छान दिसते, पण वर्षभरात दबते. टोपली उलटी करून बुडाला अंगठ्याने दाबून पाहिलं तर फरक कळतो. बाबांनी ते आम्हाला करून दाखवलं, दोन्ही टोपल्या शेजारी ठेवून.

ताईंना झाकणाची टोपली हवी होती. बाबा म्हणाले, “झाकण म्हणजे दुसरी टोपलीच.” आणि ते अक्षरशः खरं होतं. झाकणाला तितकीच पाती, तितकाच वेळ आणि शिवाय तोंडाला बसवायची कटकट. झाकण काढून टाकलं आणि वर मांजरपाटाचा रुमाल बांधायचं ठरलं, तेव्हा कुठे हिशेब आवाक्यात आला.

तो हिशेब ओसरीवरच मांडला. पाती तयार असतील तर बाबा दिवसाला या मापाच्या तीन टोपल्या विणतात, पाती काढायला अर्धा दिवस. म्हणजे टोपलीमागे अर्धा दिवस. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. तो धरला तर नुसती मजुरी १५६. एका बांबूत तीन टोपल्या, बांबूचे साठ रुपये धरले तर वीस. झाले १७६. वाहतूक, मोडतोड अजून यात नाही. आणि रोजगार हमीचा दर हा अकुशल कामाचा. पन्नास वर्षांच्या हाताचं यात काहीच धरलेलं नाही. ७० रुपयांना टोपली विकणारं घर स्वतःच्या मजुरीतून शहराला सूट देत असतं, हे त्या आकड्यांतून समोर आलं. ताईंनी २०० रुपये भाव मान्य केला आणि कंपनीला सांगायच्या किमतीत तो धरला.

मी घासाघिशीच्या विरोधात नाही, आठवडे बाजार तिच्यावरच चालतो. पण तिथे दोन्ही बाजूंना भाव माहीत असतो. हाताने केलेल्या वस्तूच्या बाबतीत गिऱ्हाईकाला वेळेचा अंदाज नसतो आणि कारागिराला तो मोजायची सवय नसते. ज्याला त्या दिवशी एसटीच्या तिकिटाचे पैसे सुटायचे असतात तोच मग खाली येतो.

मग मुख्य अडचण पुढे आली. बाबा म्हणाले, दिवाळीला एकशेवीस होणार नाहीत. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. त्या सुमाराला हळवं भात कापणीला येतं, नागलीच्या मागे लागावं लागतं, आणि घरातली तरुण माणसं द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडकडे जातात. बागेतला रोज टोपलीपेक्षा जास्त पडतो आणि हातात लगेच मिळतो. म्हणून पाड्यावर विणायला उरतात म्हातारी माणसं. त्यातही आजीची नजर अधू. पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येत असतात, त्यामुळे मोठी तोड करत नाहीत. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेला बांबू टिकतो, त्याला भुंगा कमी लागतो. शहराला टोपली नेमकी तेव्हा हवी, जेव्हा गावात बांबूही नाही आणि हातही नाहीत.

पूर्वी हे असं नव्हतं, कारण मुख्य गिऱ्हाईक शेतकरी होता. कांद्याला, टोमॅटोला, मळणीला पाट्या-टोपल्या लागायच्या आणि ती मागणी वर्षभर असायची. टोमॅटो आता वीस किलोच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये बाजार समितीत जातो, कांदा वेचायला प्लॅस्टिकचं घमेलं असतं. उरली सणाची आणि लग्नाची मागणी. ती थोड्या दिवसांत एकदम येते आणि एकदम संपते.

तरीही काम झालं ते असं. बाबांच्या घराने चाळीस, त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या दोन घरांनी मिळून पन्नास घेतल्या. उरलेल्या तीस शहरातल्या एका बुरुड कुटुंबाला दिल्या. बुरुडांचा हा पिढीजात धंदा, बांबू विकत आणून ते वर्षभर विणतात आणि मुदत पाळायची त्यांना सवय आहे. पाड्यावरच्या नव्वद टोपल्यांचे १८,००० होत होते, त्यातले ७,००० आगाऊ दिले. आगाऊ रक्कम तिन्ही घरांत वाटून, समोर लिहून, अंगठा-सही घेऊन दिली. हे मुद्दाम लिहिते, कारण एका घराकडे सगळे पैसे दिले असते तर पाड्यावर उगाच कुरबुर झाली असती.

मापाचा प्रश्न पहिल्याच दहा टोपल्यांत उभा राहिला. वितीने मोजलेलं माप तीन घरांत तीन प्रकारचं येतं, कारण वीत हाताप्रमाणे बदलते. ताईंचा पाव किलोचा कागदी पुडा एका घराच्या टोपलीत आरामात बसायचा, दुसऱ्याच्या टोपलीत नाही. त्यावर मावशींनीच तोड काढली. ताईंच्या स्वयंपाकघरातले एकसारखे तीन स्टीलचे डबे, प्रत्येक घराला एक असे दिले. डब्याभोवती वीण घातली की माप आपोआप जमतं. एकही आकडा सांगावा लागला नाही.

सप्टेंबरात पावसाने जोर केला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरचा बाजार विस्कटतो. नाशिकमध्ये पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीकडे पाहून घेतात, पाणी कुठवर आलं यावरून. त्या काळात मावशींना गंगेवर बसता आलं नाही, आणि पाड्यावर फोनला रेंज मिळणं नशिबाचं. माल कुठवर आला हे कळायला मार्गच नव्हता. पहिला लॉट चोवीस टोपल्यांचा आला, त्यातल्या नऊंना पांढरी बुरशी. विणकर चुकला नव्हता. ओलसर पातीच्या टोपल्या भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या गोणीत घट्ट बांधून पाठवल्या होत्या, आणि आतली वाफ आतच राहिली.

उपाय बाबांनाच ठाऊक होता. त्या नऊ टोपल्या कोरड्या फडक्याने पुसून चुलीवरच्या माळ्यावर तीन-चार दिवस ठेवल्या. धुराने ओल जाते, कीडही लागत नाही, रंग मात्र तांबूस होतो. ताईंना आधी वाटलं, कंपनीला चालणार नाही. त्यांनी एक पांढरी आणि एक तांबूस नेऊन दाखवली. तिथल्या अधिकारी बाईंनी तांबूस अधिक पसंत केली. पुढचा सगळा माल मग माळ्यावरून उतरवूनच आला, आणि गोणीऐवजी जाळीत, भाजीच्या पिकअपवर. वॉर्निश लावायचं सुचवणारेही भेटले. खाण्याचा पदार्थ ठेवायच्या टोपलीला ते लावू नये, असं आम्ही ठरवलं. आत केळीचं पान सुकतं, म्हणून बटर पेपर, आणि चकली स्वतंत्र घट्ट कागदी पुड्यात, कारण विणीतून हवा खेळते आणि चकली सादळते.

शेवटी पाड्यावरून ६८ आल्या, शहरातून ३०. एकूण ९८. कमी पडलेल्या २२ भेटी आमच्या गटाने शिवलेल्या मांजरपाटाच्या पिशव्यांतून गेल्या. कंपनीला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. दोन तक्रारी आल्या. एकाला टोपलीत बांबूचं कुसळ लागलं, दुसऱ्याची तक्रार दोन टोपल्या सारख्या दिसत नाहीत याची. पहिली तक्रार रास्त होती. आता काठ आतल्या बाजूने एकदा कोरड्या नारळाच्या काथ्याने घासतात. दुसऱ्या तक्रारीवर काही करायचं नाही असं ताईंनी ठरवलं, आणि मला ते पटलं.

पाड्यावरच्या तिन्ही घरांत नंतर बसून बोललो. बाबांचा धाकटा नातू दिवाळीआधी बागेत न जाता चार दिवस पाती काढायला थांबला होता. दोनशेच्या भावात बागेतला रोज भरून निघत नव्हता, पण फार मागेही राहत नव्हता, शिवाय जेवण घरचं आणि प्रवास नाही. पुढेही थांबेल का, हे भाव आणि काम किती महिने मिळतं यावर ठरेल. प्रेमाखातर कुणी परंपरा टिकवणार नाही आणि तशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

सरकारी कागदांचंही पाहिलं. सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत त्यांत टोपली, चटई, झाडू विणणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून नाव कुणाचं घालायचं यावर घरात चर्चा झाली आणि सुनेचं, म्हणजे मावशींचं घातलं. पाती त्याही काढतात, आजवर कारागीर म्हणून त्यांना कुणी मोजलं नव्हतं.

बाजाराच्या जागेचा प्रश्न मात्र आमच्या हातातला नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाघाटाची कामं होणार, रस्ते रुंदावणार, अतिक्रमणाच्या गाड्या फिरणार. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक पूर्वापार जमत आलेली जागा, हा वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. शहर विक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या असाव्यात, असंही त्यात आहे. पोतं अंथरून आठवड्यातून एकदा बसणाऱ्या मावशींचा आवाज त्या समितीत पोचायला हवा. त्यांचं दुकान नाही, नावाची पाटी नाही, पावती तेवढी आहे. ताई त्यांना सापडल्या त्या त्याच जागेवर, आणि ती जागा गेली तर पाडा शहराला दिसायचाच बंद होईल.

पुढच्या दिवाळीचं काम आता ताईंनी होळीच्या आधी दिलं आहे. बांबू हिवाळ्यातच तोडून, फोडून, पाती सावलीत सुकवून माळ्यावर ठेवली आहे. विणायचं मार्च-मेमध्ये, छाटणीचे आठवडे सोडून. भाव २२०, आगाऊ निम्मे, माल तयार होईल तसा ताईंच्या वरच्या खोलीत साठवायचा, म्हणजे पाड्यावर पावसाची ओल लागणार नाही. अजून ठरायची आहे ती वाहतूक. भाजीचा पिकअपवाला टोपल्यांचं भाडं वजनावर घेईल की जागेवर, यावर बोलणी चालू आहेत. टोपल्या हलक्या असतात आणि जागा खूप खातात, म्हणून तो जागेवर मागतो आहे. एकात एक बसतील असा उतार तोंडाला द्यायचं बाबांनी कबूल केलं आहे, नमुन्याच्या सहा टोपल्या तशा विणूनही झाल्या.